फोनवर ऐकून ‘यात आहे काय?’ विचारणाऱ्या भाच्यासाठी

दिवाळीत भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. “मामा, तू लंडनला असताना काय ऐकायचास रे?” एवढंच त्यानं विचारलं आणि मी चेकाळलो. फराळाची बशी बाजूला सारली, फोनवर डबस्टेप या लंडनमध्ये जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची एक जुनी ट्रॅक लावली आणि त्याच्या हातात दिली. मिनिटभर ऐकलं बिचाऱ्यानं. टिक्. मग बराच वेळ काही नाही. टिक्. मग लांबून कुणीतरी पाइपात बोलल्यासारखा आवाज.

“मामा, यात आहे काय?”

मी भाषण ठोकणार होतो. पण फोन स्वतःच्या कानाला लावला आणि ओशाळलो. पोरगं खरं बोलत होतं. त्या फोनमध्ये खरंच काही नव्हतं. ती ट्रॅक ज्याच्यावर उभी आहे तो खालचा सूर, चाळीस-पन्नास हर्ट्झचा, नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. पन्नास हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. आमचा हॉल संपून स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत पोचेल इतकी. तेवढी हवा ढकलायला फोनला जमायचं कसं? मी त्याला पुरण काढून घेतलेली पुरणपोळी वाढली होती आणि वर विचारत होतो, कशी झालीय?

तेव्हा त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

२००६च्या शेवटी कंपनीनं मला क्रॉयडनला पाठवलं. दक्षिण लंडनच्या टोकाला काँक्रीटच्या उंच इमारती, ट्राम, आणि ‘मी क्रॉयडनला राहतो’ म्हटलं की नाक मुरडणारे बाकीचे लंडनकर. आपल्याकडे डोंबिवलीवाल्यांना जे ऐकावं लागतं तेच. मी खूश होतो, कारण सरे स्ट्रीटवर भाजीबाजार भरायचा. तेराव्या शतकापासूनचा बाजार, आणि विक्रेते आपल्या मंडईसारखेच ओरडणारे. एका पौंडाला वाडगाभर टोमॅटो. याच बाजारात ‘बिग अ‍ॅपल रेकॉर्ड्‌स’ नावाचं दुकान होतं. काउंटरवर हॅचा नावाचा डीजे, आणि अवतीभवती शाळकरी वयाची पोरं, स्वतः बनवलेले तुकडे त्याला ऐकवायला आणणारी. त्यातली दोन पोरं पुढे स्क्रीम आणि बेंगा म्हणून जगभर गाजली. मी पोचलो तोवर दुकान बंद पडून दोन वर्षं झाली होती. दीड वर्ष मी त्या जागेवरून भेंडी घेऊन जात होतो आणि मला काही पत्ता नव्हता.

पत्ता लागला ऑफिसमुळे. शेजारच्या टेबलावरचा सपोर्टवाला, आईवडील जमैकाचे. एका शनिवारी म्हणाला, ब्रिक्स्टनला चल. आणि एकच सूचना केली: पोटभर जेवू नकोस.

१०९ नंबरच्या बसनं गेलो. जागा बघून हबकलोच, कारण ते चर्च होतं. सेंट मॅथ्यूज चर्च, आणि त्याच इमारतीत ‘मास’ नावाचा क्लब. तिथे दर काही महिन्यांनी डीएमझेड नावाची डबस्टेपची रात्र व्हायची. माला, कोकी, लोफा आणि माइकवर सार्जंट पोक्स, अशा चौघांनी २००५मध्ये खालच्या छोट्या खोलीत ती सुरू केली होती. पहिल्या वाढदिवसाला बाहेर इतकी रांग लागली की त्याच रात्री सगळा बाडबिस्तरा वरच्या मोठ्या हॉलमध्ये न्यावा लागला. मी गेलो तेव्हा ती रात्र वरच व्हायची. (माला हे नाव वाचून मी एखाद्या मराठी ताईला शोधत होतो. निघाला सहा फुटी गडी.) त्यांच्या पत्रकांवर एक ओळ असायची, तिचा अर्थ साधारण असा: या, आणि बेसच्या (म्हणजे त्या खालच्या सुराच्या) वजनावर ध्यान करा. मला ती जाहिरातबाजी वाटली होती.

आत जवळजवळ अंधार. डीजेकडे बघायला काही नाही, लेझर नाही, पडद्यावर चित्रं नाहीत. लय विचित्र. वेग मिनिटाला १४० ठोक्यांचा, पण स्नेअर, म्हणजे कडक ‘टक्’ वाजणारा ड्रम, मात्र तिसऱ्या ठोक्यावर एकदाच, त्यामुळे अंगाला तो सत्तरचाच वाटतो. हातानं दुगुण आणि मानेनं ठाय, दोन्ही एकदम चालू. आणि मग खालचा सूर आला. कानात नाही आला. आधी पँटचे पाय फडफडले, मग बरगड्या, मग नाकाचा शेंडा. पहिली दोन मिनिटं मला सरळसरळ भीती वाटली. नंतर लक्षात आलं की मी शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलतोय आणि त्याला ऐकू येतंय. वरचे आवाज कर्कश नव्हतेच. खाली डोंगर आणि वर मोकळं आकाश.

आणि तिथे, ब्रिक्स्टनच्या चर्चमध्ये, मला आमचे आजोबा आठवले.

आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गुरुवारी संध्याकाळी आजी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. तो पाण्याचा हात लावून डाव्या पुडीवर थापायचा, थोडा वाढवायचा, थोडा खरवडायचा, पुन्हा थाप मारून बघायची. कणीक नसेल तर डावी पुडी नुसती टणटणते. कणीक नीट बसली की ‘धुम्’ जमिनीतून येतो. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचो. अभंगाचे शब्द मला तेव्हा कळत नव्हते, धुम् मात्र मणक्यातून कळायचा. भजन संपलं की ती कणीक खरवडून गोठ्यात, गाईपुढे. पुढच्या गुरुवारी नवा गोळा.

आता डबप्लेट म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे मला आजोबा का आठवले ते कळेल. त्या काळात नवी ट्रॅक तयार झाली की ती आधी एकाच तबकडीवर कोरून घ्यायची. दक्षिण लंडनमध्येच फॉरेस्ट हिलला ‘ट्रान्झिशन’ नावाचा स्टुडिओ होता, तिथे जेसन गॉझ हे काम करायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर, त्यात खाचा कापायच्या. पक्क्या विनाइलइतकी ती टिकत नाही. दर वेळी सुई फिरली की थोडी झिजते, आणि काही डझन वेळा वाजवली की वरचे सूर मावळायला लागतात. म्हणजे महागाची वस्तू, आणि आयुष्य एका मोसमाचं, आजोबांच्या कणकेसारखं तात्पुरतं. खालचा सूर जास्त भरला तर खाच रुंद होते आणि सुई उडी मारते, म्हणून कापणाऱ्याच्या हाताला किंमत. बाजारात ती ट्रॅक यायला कित्येक महिने लागायचे, कधी यायचीच नाही. ऐकायची तर शनिवारी त्या खोलीत हजर राहायचं.

यावर ‘हा निव्वळ माज झाला’ असं म्हणणारे तेव्हाही होते. थोडा माज होताच, मी नाकारत नाही. ‘माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही’ हे सुख माणसाला सगळीकडेच लागतं. पण त्यामुळे एक चांगली गोष्ट घडायची: लोक ऐकायला यायचे. ट्रॅक आवडली की भिंतीवर तळहात आपटायचे, आरडाओरडा करायचे, आणि डीजे तबकडी मागे ओढून पहिल्यापासून लावायचा. याला ते रिवाइंड म्हणतात. आपण संगीत नाटकात याला वन्स मोअर म्हणायचो. ज्यांच्या घरात नाट्यसंगीताची परंपरा आहे त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताला नाकं मुरडू नयेत, इतकंच सुचवतो.

हे सगळं त्या चौघांच्या डोक्यातून एकाएकी निघालेलं नाही. १९४८पासून जमैका आणि आसपासच्या बेटांवरून लोक जहाजांनी इंग्लंडला आले. पब आणि नाचघरं त्यांना दारातूनच परत पाठवायची. मग त्यांनी घराच्या बैठकीत, तळघरात, भाड्याच्या हॉलमध्ये स्वतःच्या साउंड सिस्टिम उभ्या केल्या. कपाटाएवढे लाकडी बॉक्स, स्वतः कापलेले, स्वतः जोडलेले. अशीच सिस्टिम चालवणारा जाह शाका तर एकाच टर्नटेबलवर रात्र काढायचा. तबकडी बदलायला वेळ लागला तर लागला, लोक थांबायचे. २०२३मध्ये तो गेला तेव्हा दक्षिण लंडनमधल्या किती जणांच्या घरातलं माणूस गेलं असेल याचा अंदाज मला इथे पुण्यात बसूनही आला. माझं ठाम मत आहे की या संगीताचा बाप सुतार आहे. आधी बॉक्स आला. त्या बॉक्सला काय खायला घालायचं या शोधातून रेगे, डब, जंगल, गराज आणि डबस्टेप हे सगळे प्रकार आले.

आणि सरकारचा डोळा कायम या संगीतावर. रिन्स एफएम हा रेडिओ १९९४ ते २०१० बिनपरवाना चालला. त्याचा एक संस्थापक, डीजे स्लिमझी, त्याला २००५मध्ये टॉवर हॅम्लेट्स भागातल्या इमारतींच्या गच्चीवर जायलाच बंदी घातली, कारण अँटेना तिथेच लागायच्या. लंडन पोलिसांचा ‘फॉर्म ६९६’ नावाचा एक कागद होता, कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी भरून द्यायचा. सुरुवातीला त्यात चक्क विचारलेलं असायचं की संगीत कोणत्या प्रकारचं आणि येणारे लोक कोणत्या वंशाचे. २०१७ला तो रद्द झाला. शोरडिचमध्ये ‘प्लास्टिक पीपल’ हे जेमतेम दोनशे माणसांचं काळोखं तळघर होतं. तिथल्या ‘फॉरवर्ड’ नावाच्या रात्रींतच डबस्टेपचं बारसं झालं म्हणा ना. तेही २०१५च्या सुरुवातीला बंद झालं. मी तिथे दोनदाच गेलो. दोनदाच का गेलो याचं मला आजही वाईट वाटतं. ऑफिस, दुसरं काय.

मग २०१०नंतर डबस्टेप अमेरिकेत लोकप्रिय झाला आणि त्याचं जे झालं ते भाच्यानं ऐकलेलं आहे. करवत चालवल्यासारखा तो आवाज. २०१२ला स्क्रिलेक्स नावाच्या अमेरिकन डीजेनं तीन ग्रॅमी नेली. माझे जुने मित्र त्याला अजून शिव्या घालतात, मी घालत नाही. लोक लॅपटॉपवर ऐकायला लागले. लॅपटॉपला खालचं काही झेपत नाही, मधले सूर मात्र छान झेपतात. मग सगळी गंमत मधल्या सुरांत सरकली. पाणी उताराला जातं, तसं संगीत स्पीकर असेल तिकडे गेलं. मला ते आवडत नाही, पण त्यात गद्दारी कुठली?

२००८ला पुण्यात परतलो. इथे ‘मला बेस आवडतो’ म्हटलं की लोकांना एकच गोष्ट दिसते: गणपतीतली डीजेची भिंत. दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या आसपास कुणीतरी मला टॅग करतंच, ‘काय, तुमचं संगीत चाललंय!’ तर एकदाच लिहून टाकतो. नाही, ते माझं नाही. लक्ष्मी रोडसारख्या अरुंद रस्त्यावर, दोन्हीकडे इमारती, मध्ये टॉप (वरच्या सुरांचे) आणि बेस (खालच्या सुरांचे) बॉक्स रचून आवाज मशिनचा लाल दिवा पेटेपर्यंत चढवायचा. त्यात फाटलेल्या वरच्या सुरांनी कान सोलून निघतात, छातीत धडधडतं आणि गाणं कुठलं ते कळत नाही. कणीक न लावता पखवाज बडवण्याचा तो प्रकार आहे. पण ‘बंद करा हे, आपली पारंपरिक वाद्यंच बरी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. शंभर ढोलांचं पथक खिडकीखाली उभं राहिलं की तेही काही लोरी गात नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे, आणि ती ढोलालाही तेवढीच लागू आहे.

इथेही काम करणारे आहेत, नाही असं नाही. मुंबईत बे बीट कलेक्टिव्हच्या पोरांनी ड्रम अँड बेस हा वेगवान, बेसवाला प्रकार रुजवायला वर्षं घातली. दिल्लीच्या मंडळींनी लोकांकडून पैसे जमवून ‘टेन थाउजंड लायन्स’ ही जमैकन धाटणीची साउंड सिस्टिम बांधली. पण परळच्या मिलमधला ब्लू फ्रॉग हा क्लब २०१६ला बंद पडला, आणि क्लबच्या मालकांना दारू खपवणारं संगीत हवं असतं. संथ लयीवर डोळे मिटून उभे राहणारे लोक पाणीच जास्त पितात.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही चार जणांनी हडपसरला मित्राच्या रिकाम्या गोदामात स्वतःच घाट घातला. पहिल्यांदा ज्यानं साउंड द्यायचं कबूल केलं त्यानं चार बेस सांगून दोन आणले, तेही फाटके. रात्र वाया गेली, चाळीस माणसांपुढे शरमेनं मान खाली. दुसऱ्यांदा तात्या भेटले. पस्तीस वर्षं लग्नं, वराती आणि गणपती केलेला माणूस. टेम्पोतून बॉक्स उतरवले, मी पहिली ट्रॅक लावली, आणि ते दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “साहेब, हे चालू आहे का बंद आहे?”

मी म्हटलं, थांबा जरा. खालचा सूर आला. तात्यांनी सवयीनं हात बॉक्सच्या पाठीवर ठेवला. मग टॉपचा आवाज स्वतःहून कमी केला. दोन बॉक्स भिंतीपासून हातभर पुढे ओढायला लावले. एक बाहेरच्या कोपऱ्यात होता तो आत घेतला. बाहेर रस्त्यावर जाऊन दार लावून ऐकून आले, कारण बेस भिंतीतून पसार होतो आणि शेजाऱ्याच्या भांड्यांत जाऊन बसतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अर्ध्या तासानं गोदामाची जमीन श्वास घ्यायला लागली. “वरातीत असं लावू देत नाहीत हो,” तात्या म्हणाले, “पब्लिकला नुसता आवाज पाहिजे असतो.” पस्तीस वर्षं या माणसाला हे येत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

तर भाचेबुवा, येत्या शनिवारी पुन्हा करतोय. सहाला सुरू, दहाला बंद म्हणजे बंद. मागच्या घरातल्या काकूंना सांगून आलोय, त्यांनी शोकेसमधल्या काचा काढून ठेवते म्हटलंय. फोन खिशात ठेवायचा. जेवण कमी. टेम्पो चारला येतोय आणि बॉक्स उचलायला दोन माणसं कमी आहेत. एक तू. दुसरा कोण येतोय ते खाली कमेंटमध्ये लिहा.