डच शेतीतली नोंदवही घ्या, आकडे नकोत

दुधात प्रतिजैविकं सापडली किंवा युरियाची टंचाई झाली की महाराष्ट्रात वादाला दोनच टोकं असतात: 'बंदी घाला' आणि 'पिचलेल्या शेतकऱ्याला छळू नका'. मधेच कोणीतरी नेदरलँड्सचा दाखला देतं. मी नेदरलँड्समध्येच राहतो; इथे राहून सांगतो, तो दाखला अर्धाच कामाचा आहे.

कामाचं आधी. 2009 च्या सुमारास जनावरांना प्रतिजैविकं जास्त देणाऱ्या युरोपीय देशांत हा देश मोडत होता. सरकारने 2011 पर्यंत 20, 2013 पर्यंत 50 आणि 2015 पर्यंत 70 टक्के कपातीचं लक्ष्य ठेवलं. शेवटचा टप्पा मुदतीत जमला नाही, पुढे काही वर्षांनी जमला. नुसत्या बंदीने हे झालं नसतं. प्रत्येक फार्मचा एका पशुवैद्यकाशी लेखी करार, दिलेल्या प्रत्येक औषधाची मध्यवर्ती नोंद आणि दरवर्षी फार्मची इतर फार्मांशी तुलना. डॉक्टरचीही होते, खरी मेख तिथे आहे. डेन्मार्कने 1995 मध्येच औषधविक्रीतल्या डॉक्टरांच्या नफ्यावर टाच आणली होती. डचांनी विक्री डॉक्टरकडेच ठेवली, पण मोजायला लागले.

पूर्वी गाय आटवताना चारही सडांत सरसकट प्रतिजैविकाची ट्यूब सोडत. आता दुधातल्या पेशी (कासेला सूज असली की त्या वाढतात) मिलिलिटरला पहिलारू गाईत 1,50,000 च्या आणि बाकीच्यांत 50,000 च्या वर असतील तरच. आपल्याकडे पेशी कोण मोजणार? त्याला घरगुती तोड आहे. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवायची. प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा टाकून द्यायच्या, मग चार सडांचं थोडं थोडं दूध चार वाट्यांत घेऊन तेवढंच द्रावण घालायचं आणि वाटी गोल फिरवायची. मिश्रण बुळबुळीत, घट्टसर झालं तर त्या सडात सुप्त दगडी, म्हणजे वरून न दिसणारी कासेची सूज. चारही वाट्या पातळ राहिल्या तर ट्यूबचा विचार डॉक्टरला विचारूनच करावा.

औषधानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे लेबलवर छापणं भारतात 2012 पासून सक्तीचं आहे. कंपनीने मुदत सिद्ध केली नसेल तर दुधाला किमान 7 दिवस, मांसाला 28. पण दहा लिटरची गाय म्हणजे सात दिवसांत 70 लिटर दूध ओतायचं. दोन गाईंच्या घरात हे कोण करील? दूध केंद्रावर भाव फॅट-एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि इतर घन पदार्थांवर, त्यामुळे ट्यूबचं दूध कॅनमध्ये जातं आणि दही लागेना की मग बोंब होते. इथे टँकर भरताना प्रत्येक फार्मचा नमुना ठेवतात. टँकरमध्ये औषधाचा अंश सापडला की फार्म शोधून त्याच्याकडून वसुली होते. आपल्याकडे अनेकांचं दूध एकाच कुलरमध्ये, तिथे ही पद्धत तशीच चालणार नाही. टाकून दिलेल्या दुधाची दूध संघाने थोडी तरी भरपाई द्यावी. नाहीतर ट्यूब सोडली हे कोणी कबूल करणार नाही.

नुसत्या बंदीचं काय होतं ते डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने दाखवलं. ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून भारतात 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तर माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या. त्या बाटल्यांवर बंदी यायला 2015 उजाडलं.

खतांचे डच आकडे मात्र इथेच राहू द्या. शेणखतातून हेक्टरी 170 किलो नत्राची युरोपीय मर्यादा आहे. डचांना काही काळ मिळालेली जादा सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली. इथे जमिनीच्या मानाने गाई फार, आपलं शेण दुसऱ्याने न्यावं म्हणून शेतकरी पदरचे पैसे देतो. आपण शेणखताची ट्रॉली विकत घेतो. आपला घोळ युरियाचा आहे. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र. 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नत्र, म्हणजे एकरी पाच पोती. ती लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40 अशी द्यायची. 266 रुपये 50 पैशांचं पोतं असल्यावर हात सैल सुटतो, दोन हप्त्यांत फेकून वर पाटपाणी सोडलं जातं. उघड्यावरचा युरिया अमोनिया होऊन उडतो, उरलेल्याचं नायट्रेट मुळांखाली जाऊन विहिरीत उतरतं. मातीआड केला तर उडून जाणारा बराचसा वाचेल.

खताच्या दुकानातल्या पॉस (विक्रीनोंदीच्या) मशीनवरच्या अंगठ्याने पोतं कोणी नेलं ते कळतं, कुठल्या पिकाला पडलं ते नाही. आणि युरियाच्या पोत्याबरोबर नको असलेलं विद्राव्य खत गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराची नोंद त्या मशीनमध्ये कुठेच होत नाही. मोजणी तिथून सुरू करा.