मयताच्या घरी हसावे काय?

कॉर्कमध्ये तीन वर्षे नोकरी करून परतलेल्या नानांनी काल कट्ट्यावर आयर्लंडमधल्या 'वेक'चा, म्हणजे मयताच्या घरी रात्र जागवण्याचा विषय काढला आणि वकीलसाहेब उखडलेच. घरात प्रेत असताना तंबाखू, तपकीर नि व्हिस्की वाटायची, वर रात्रभर खेळ खेळायचे, ही दुःखाची चेष्टा नव्हे तर काय, असा त्यांचा सवाल होता. कॅथलिक धर्मगुरूंनी सतराव्या शतकापासून या खेळांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली, हा पुरावाही त्यांनी पुढे केला.

"पुन्हा पुन्हा घालावी लागली ना, मग लोक ती मानत नव्हते, हेच सिद्ध झाले," नाना म्हणाले. प्रेताला आंघोळ घालून त्याच्या बोटांत जपमाळ गुंफत, घड्याळ बंद करत, आरसे झाकत, आत्म्याला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडत. पण खरा नियम एकच होता, की दफनापर्यंत प्रेताला एकटे सोडायचे नाही, आणि रात्रभर माणसे जागी ठेवायची तर त्यांना काहीतरी हवेच. आलेल्याच्या हाती मातीची चिलीम दिली जाई आणि तो झुरका घेताना मृतासाठी देवाची करुणा भाकत असे.

सरांनी मग १७७३चे उदाहरण दिले. कॉर्क परगण्यात आर्ट ओ'लिअरी गोळीने मारला गेला, तेव्हाचा त्याच्या बायकोचा, आयलीनचा, विलाप मौखिक परंपरेने टिकला आहे. त्यात नणंद तिला टोमणा मारते, की नवऱ्याच्या जागरणाला तू झोपायला गेलीस. आयलीन उलट सुनावते, की मी गेले ती रडणाऱ्या लेकरांना निजवायला. जागे राहणे किती मोलाचे होते, हे मला त्या भांडणातच सर्वांत स्पष्ट दिसते.

पैसे घेऊन रडणाऱ्या बायकांचा मुद्दा वकीलसाहेबांनी काढला, तेव्हा नानांनी त्यांना वेगळ्याच वाटेने अडवले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला निघालेल्या जित्याजागत्या मुलासाठीही घरी असेच जागरण होई, गाणी आणि नाच पहाटेपर्यंत चालत, कारण तो परत दिसण्याची आशा नसे. तिथे चेष्टा कुणाची? यावर वकीलसाहेब थोडा वेळ गप्प राहिले.

नाना स्वतः तिथे एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या मयताला गेले होते. रांगेत उभे राहून घरच्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचे, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचे, की कुणीतरी हातात चहा आणि सँडविच ठेवते.

"आणि तुम्ही हसलात?" वकीलसाहेबांनी विचारले.

"दुसऱ्या कपाला," नाना म्हणाले.