'आम्ही' पापी, आणि मी?

रविवारी चर्चमध्ये पापकबुली आपण सगळे एका सुरात म्हणतो. 'आम्ही चुकलो आहोत, आम्ही पाप केलं आहे.' एका सुरात म्हणतो म्हणूनच ती कुणाला टोचत नाही. त्या 'आम्ही'त माझा वाटा किती, हे कोण मोजतंय? आमेन झालं की पुढचं गीत.

सध्या सतराव्या शतकातल्या प्युरिटनांबद्दल, म्हणजे इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांबद्दल, वाचतोय. नगरकडच्या आपल्या मंडळींचं त्यांच्याशी दूरचं का होईना, नातं आहे. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या काँग्रिगेशनल (आपला कारभार आपणच पाहणाऱ्या) मंडळ्यांचे मिशनरी, आणि त्या मंडळ्या मुळात प्युरिटनांनी उभारलेल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी १६४७ सालीच कायदा केला होता की गावात पन्नास घरं झाली की लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा. कारण काय, तर माणसाला शास्त्र (बायबल) वाचता येऊ नये हाच सैतानाचा डाव! आपल्या आज्या-पणज्या मिशनच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या, त्यामागे हेही बीज होतंच.

पण मला भिडलं ते वेगळंच.

१६९२. बोस्टनजवळचं सेलम. काही मुली आचके देऊ लागल्या आणि अमकीने तमकीने आमच्यावर चेटूक केलं असं सांगू लागल्या. आपल्याकडे करणी म्हणतात, तसलाच प्रकार. 'तिची आकृती रात्री येऊन मला छळते' ही कोर्टात साक्ष म्हणून चालली. एकोणीस जणांना फाशी झाली. एका म्हाताऱ्याने आरोपावर उत्तर द्यायला नकार दिला, तर त्याच्या अंगावर दगड रचत गेले आणि त्यातच तो मेला. हे करणारे दारुडे-गुंड नव्हते, रोज घरात शास्त्र वाचणारी माणसं होती. म्हणून 'प्युरिटनांसारखं जगा' असं कुणी सरसकट सांगितलं की मी दोन पावलं मागे सरतो. (नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड, हाही १६५९ चा त्यांचाच कायदा. करंज्यांसकट आपण सगळे आत गेलो असतो.)

त्या खटल्यांतला एक न्यायाधीश सॅम्युअल सिवॉल. तो रोजनिशी लिहायचा, म्हणून पुढचं कळतं. १६९६ च्या डिसेंबरात त्याची लहानगी मुलगी सारा वारली. घरात मयत, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बापाला लॅटिनमधून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय म्हणून दाखवतोय. सातवं वचन आलं. मला दया पाहिजे, यज्ञ नको, याचा अर्थ तुम्हाला कळला असता तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवलं नसतं. सिवॉलने त्या दिवशी लिहून ठेवलंय की या वचनाने सेलमची भयंकर आठवण झाली.

तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ ला, त्याच प्रकरणासाठी वसाहतीने जाहीर केलेला उपासाचा दिवस होता. पाळक विलर्ड बाकाजवळून जात असताना सिवॉलने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. पाळकांनी ती भरल्या मंडळीपुढे वाचली. वाचून होईपर्यंत हा उभा, आणि शेवटी मान लववून बसला. चिठ्ठीत 'आम्ही' नव्हतं. सॅम्युअल सिवॉल हे नाव होतं, आणि त्या खटल्यांचा दोष आणि लाज मी माझ्यावर घेऊ इच्छितो, अशा अर्थाचं म्हणणं होतं. आधी माणसांची क्षमा मागितली होती, आणि मग देवाने क्षमा करावी म्हणून प्रार्थनेची विनंती.

'त्या वेळचा कायदाच तसा होता' हे त्याला म्हणता आलं असतं. 'कोर्टात मी एकटा थोडाच होतो' हेही खरंच होतं. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने शेवटपर्यंत चूक मानली नाही, आणि त्याची खुर्ची काही गेली नाही.

आपण प्युरिटनांकडून कडकपणा तेवढा उचलतो. पोरींचे कपडे, पोरांची गाणी. तो कडकपणा स्वतःवर वळवणं मात्र आपल्याला जमत नाही.

आता माझं सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली. मी चर्चच्या कारभारी समितीत पंच होतो. दानपेटीतले पैसे कमी भरले आणि संशय चर्चच्या शिपायावर गेला. पुरावा काहीच नाही, फक्त 'किल्ली त्याच्याकडेच असते ना'. सभेत हात वर झाले. माझाही झाला. त्याने आठवड्यात खोली रिकामी केली. बायको पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडली, तेव्हा मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. मी पेपर वर धरला.

तीन महिन्यांनी हिशेबातली चूक सापडली. रक्कम दुसऱ्याच वहीत चढली होती. इतिवृत्तात एक ओळ आली, 'विषय निकाली'. त्याच्याकडे कुणी गेलं नाही. मीही नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. येताना पाळकसाहेबांकडे थांबलो आणि म्हटलं, साहेब, रविवारी एक चिठ्ठी देतो, माझ्या नावाने वाचाल का?

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "जुनं आहे हो. पंचांना विचारून सांगतो."