सौम्य थायरॉईड कमतरता आणि गरोदरपण: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला लावणारं संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) किंचित वाढलेल्या गर्भवतींना थायरॉक्सिनची गोळी दिल्याने मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडत नाही हे दोन मोठ्या चाचण्यांत दिसलंय. मग नवव्या आठवड्यात ३.८ टीएसएच आलेल्या बाईला घाबरवायचं कशाला?

चाचण्यांचा निष्कर्ष तुम्ही बरोबर सांगितलात. २०१२ च्या चाचणीत मुलं तीन वर्षांची असताना, २०१७ च्या चाचणीत पाच वर्षांची होईपर्यंत तपासली, फरक आढळला नाही. पण गोळी कधी सुरू झाली तेही बघा. पहिलीत साधारण तेराव्या आठवड्यात, दुसरीत सतराव्याच्या आसपास. बाळाची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पुरेसं संप्रेरक अठराव्या-विसाव्या आठवड्यापासून बनवते. तोवर मेंदूची घडण मुख्यतः आईच्या टी-४ वर, म्हणजे थायरॉक्सिनवर चालते. म्हणजे नेमक्या त्या आठवड्यांचं उत्तर या चाचण्या देत नाहीत. लवकर दिलेली गोळी उपयोगी पडते, हेही त्यातून सिद्ध होत नाही.

आता ३.८ कडे येऊ. या आठवड्यांत एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक आईच्या ग्रंथीला चालना देतं, त्यामुळे टीएसएच एरवीपेक्षा खाली यायला हवा. म्हणून हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण नुसत्या त्यावर गोळी सुरू करणंही मला पटत नाही. सोबत फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) बघायलाच हवं. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शनानुसार, स्थानिक गर्भवतींवरून ठरवलेली टीएसएचची मर्यादा उपलब्ध नसेल तर सुरुवातीच्या महिन्यांत वरची मर्यादा ४ धरतात. अँटीबॉडी असतील तर २.५ च्या वर गोळीचा विचार करता येतो, कारण अशा बायकांत गर्भपाताचा धोका जास्त दिसतो. अँटीबॉडी नसतील आणि टी-४ ठीक असेल, तर ३.८ ला गोळी नको.

गोळी लागलीच, तर बहुधा २५ ते ५० मायक्रोग्रॅम पुरतात. उपाशीपोटी, पाण्यासोबत, खाण्याआधी अर्धा ते एक तास. घोटाळा होतो तो इथे: लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सकाळीच एकत्र घेतल्या जातात. आतड्यात त्या थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, टीएसएच उतरत नाही आणि डोस विनाकारण वाढत जातो. चार तासांचं अंतर ठेवा, मगच डोसचं बघा. टीएसएच निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा तपासावा. गरोदरपणातच सुरू झालेली एवढी लहान मात्रा प्रसूतीनंतर पुष्कळदा बंद करता येते. ते डॉक्टरांना विचारून ठरवा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा.