नक्षी शाबूत, टायर म्हातारा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (निवृत्त झालोय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय.) बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पुण्यातली 2018 ची हॅचबॅक, पळालीय जेमतेम 31 हजार, टायर शोरूममधून आले तेच. भाजी, बँक, नातवाचा क्लास, आणि वर्षातून एकदा गणपतीला चिपळूण. हल्ली गाडीत घूंऽऽ असा आवाज येतो. मी मागच्या लेखात अशा गाडीला टायर बदला म्हटलं, त्यावर तुम्ही लिहिलंत की अर्धी नक्षी शिल्लक असताना टायर फेकायला सांगणारा माणूस कंपन्यांचा दलाल असणार. आणि बदलायचेच तर लाखभर किलोमीटर चालणारे घ्यावेत, ‘मऊ आणि शांत’ हे श्रीमंतांचे चोचले.

दलालीचं एका वाक्यात संपवतो: मला कोणी टायर फुकट दिलेला नाही, दिला तर सांगेन.

आता नक्षीचं. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरचे. नक्षी झिजून तिथवर आली की टायर कायद्यानेही बाद. तुमचा टायर त्यापासून लांब आहे, मान्य. पण झीज हा टायर संपायचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग वयाचा, आणि कमी चालणाऱ्या गाडीचे टायर बहुतेक त्याच मार्गाने जातात. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर कडक होत जातं. त्यापासून वाचवणारी मेणं आणि रसायनं रबरातच मिसळलेली असतात, पण ती पृष्ठभागावर यायला टायर फिरावा लागतो, दबावा लागतो. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत ते होत नाही. म्हणजे ‘गाडी वापरलीच नाही’ हा टायरच्या बाजूने युक्तिवाद नाहीच.

वय कसं कळतं? टायरच्या बगलेवर (बाजूच्या भिंतीवर) लंबगोलात चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. हा शिक्का बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि नेमका आतल्या बाजूला गेलेला असतो, तेव्हा खाली वाकून मोबाइलने फोटो काढा. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरच्या खाचांच्या तळाशी टॉर्च मारा. केसासारख्या भेगा दिसल्या की नक्षी किती उरली हा प्रश्न मागे पडतो. मिशलिन स्वतः सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असला तरी काढा. काही गाडी कंपन्या तर सहा वर्षंच म्हणतात. तुमचे टायर या दोन्हींच्या मधे आहेत, म्हणून मी वय एवढंच बघत नाही, प्रवासही बघतो. वर्षभर चाळीसच्या स्पीडने फिरणारी गाडी गणपतीत पाच माणसं, डिकीभर सामान आणि भर पावसात हायवेला लागते. वर्षातला सगळ्यात अवघड पेपर त्या दोन दिवसांत असतो, आणि ओल्या रस्त्यावर कडक झालेल्या रबराची पकड कमी पडते.

लाख किलोमीटरवाल्यांचं गणित तुमच्याच आकड्यांवर करू. वर्षाला चार-साडेचार हजार. या हिशेबाने लाख व्हायला बावीस-पंचवीस वर्षं लागतील. चाळीस हजार चालणारा साधा टायरसुद्धा तुमच्याकडे नऊ-दहा वर्षं घासणार नाही, त्याआधी वयाने जाईल. मग जे आयुष्य तुम्ही वापरणारच नाही त्याचे पैसे कशाला मोजायचे? अपोलोचा अमेझर 4जी लाइफ, सीएटचा मायलेज एक्स3 हे मुख्यतः टिकण्यासाठी बनवलेले टायर. टॅक्सीवाल्याने ते डोळे झाकून विकत घ्यावेत. तुम्ही मात्र कॉन्टिनेंटलचा कम्फर्टकॉन्टॅक्ट, मिशलिनचा प्रायमसी, ब्रिजस्टोनचा टुरान्झा या जातीचे बघा. चोचले उलट तुम्हालाच परवडतात, रोज शंभर किलोमीटर तुडवणाऱ्याला नाही.

शांत टायर म्हणजे काय ते दुकानात डोळ्यांनीही थोडं दिसतं. नक्षीचे ठोकळे नीट बघा, सगळे एका मापाचे नसतात. एकसारखे असते तर रस्त्यावर एकाच लयीत आपटले असते आणि एकच सूर धरला असता. मापं बदलली की आवाज वेगवेगळ्या सुरांत विखुरतो आणि कानाला कमी टोचतो. पाच स्टारचा टायर घ्या म्हणजे शांत, असं तुम्ही लिहिलंय. बीईईचे (सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेचे) ते स्टार इंधन बचतीचे, त्यांत आवाज मोजलेला नसतो. युरोपच्या लेबलवर डेसिबल असतात, पण तेही रस्त्याकडेला माइक लावून मोजलेले, गाडीत बसलेल्याच्या कानाशी नव्हे.

मोठी चाकं टाका म्हणणाऱ्या तुमच्या भाच्याला मात्र आवरा. (टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा बगलेच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत; शेवटचा रिमचा, इंचांत.) 185/65 आर15 काढून 195/55 आर16 टाकलं तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण बगलेची उंची 120 मिलिमीटरची 107 होते. हादरे खाणारं रबरच तेवढं कमी झालं. वर रुंदी वाढली, म्हणजे आवाजही. पुण्यातल्या स्पीडब्रेकरांवर हा लूक कंबरेला पडेल.

तुमचा घूंऽऽ टायरचाच आहे ना, हे पैसे खर्च करण्याआधी बघा. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर टायर. एक्सप्रेसवेसारख्या काँक्रीटवर नवीन टायरही थोडा गातोच, ते गृहीत धरा. रस्ता तोच असताना हलक्या वळणावर एका बाजूला आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्या. आणि हवा. पंपावर सगळ्यांना सरसकट 35 मारतात. तुमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा भरा, तोही टायर थंड असताना. जास्त हवेने गाडी दगडासारखी आदळते.

गॅरेजवाला म्हणतोय की दोनच घ्या आणि पुढे टाका, कारण गाडी पुढून ओढते. तुमचे चारही एकाच वयाचे आहेत, तेव्हा चार घ्या. पण कोणी दोनच घेणार असेल तर नवे मागे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुतेक गाडी सावरते. मागची घसरली की गाडी फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्या हातचं नाही.

घेताना वॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हे सोडू नका. दुकानदाराला आधीच सांगा की शिक्का बघितल्याशिवाय टायर रिमवर चढवायचा नाही. आणि स्टेपनी कोरी आहे म्हणून तीन नवे घेऊन ती चौथा टायर म्हणून लावायचा विचार असेल, तर तिचेही चार आकडे वाचा. तीही 2018 चीच आहे.