लाला छोशधो

"दोन तास मुलांना सांभाळ, मोबाइल द्यायचा नाही," असं बजावून ताई कामाला बसली. मी संगणकाच्या क्षेत्रातला, तेव्हा म्हटलं संगणकाचा इतिहास सांगू.

एनिअ‍ॅकपासून सुरुवात केली. 1946 साली जगासमोर आलेलं यंत्र, जवळजवळ 18,000 व्हॅक्यूम ट्यूब, वजन सुमारे 30 टन! भाच्याने विचारलं, "त्यावर गेम होते?" नव्हते. विषय संपला. मग एडा लव्हलेस. तिने 1843 मध्ये बॅबेजच्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिला आणि ते यंत्र पुरं झालंच नाही, हे ऐकून भाची म्हणाली, "मग तो चालतो हे कुणी बघितलं?" हा प्रश्न आमच्या ऑफिसात कुणी विचारत नाही, ते बरंच आहे. 1947 साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात सापडलेला आणि वहीत चिकटवून ठेवलेला पतंग (उडवायचा नव्हे, किडा) मात्र दोघांना फार आवडला. पुढची दहा मिनिटं पतंगावरच गेली.

शेवटी रोमचा सेनापती सीझर काढला. तो गुप्त पत्रात प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरं पुढचं अक्षर लिहायचा. आम्ही ते मराठीत आणलं. क ते ळ चौतीस व्यंजनं मांडली. क्ष आणि ज्ञ जोडाक्षरं, म्हणून बाहेर. क चा घ, म चा ल, काना-मात्रा जागच्या जागी. 'खेळ'चं 'ङेग' झालं. ते म्हणायचं कसं, यावर भाचा अडून बसला. गुप्त लिपी बोलायची नसते, असं सांगून मी सुटका करून घेतली.

नंतर घरात इतकी शांतता पसरली की माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा चष्म्याच्या घरावर चिठ्ठी: 'लाला छोशधो'. मी अभिमानाने उलगडली. मामा घोरतो.

दुसरी चिठ्ठी ताईच्या हाती लागली: 'आई ठोभषी घी लोयाइष'. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा या गुप्त लिपीच्या यंत्रात कुठलंही अक्षर स्वतःचंच रूप घेऊन बाहेर पडत नसे, आणि ती लिपी फोडणाऱ्या, ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कच्या मंडळींना त्याच खोडीचा उपयोग झाला. आमची खोड उलटी. आम्ही स्वर हलवलेच नव्हते, त्यामुळे 'आई' कागदावर आईच राहिली होती. ताईला बाकीचं वाचायची गरजच पडली नाही.

"आई आणि पुढे काय? मोबाइलच असणार."

दोघं गप्प.

"हे कुणी शिकवलं?"

तोंडाने नाव घ्यायचं नाही, हा बाणा भाचीने पाळला. पेन्सिल घेऊन शांतपणे लिहिलं: 'लालाबे कांचिधषं'.

ताईने कागद माझ्यापुढे धरला. "वाच."

"कळत नाही गं काही," मी म्हणालो.

"थांब मामा," भाचा मदतीला धावला, "मी सांगतो."