रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा थांबा नव्हे

आंब्याचा सीझन जवळ आला की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. "गणपतीपुळ्याला चाललोय, वाटेत रत्नागिरीत जेवायला थांबू. बघण्यासारखं काही आहे का रे तिथे?" या 'काही आहे का'ने माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

माझं म्हणणं एवढंच, की रत्नागिरी शहराला किमान दोन दिवस द्या आणि सुरुवात समुद्रापासून करू नका. समुद्र काय, दिवेआगरलाही आहे. हे गाव कळायचं तर आधी हे लक्षात घ्यायला हवं की इंग्रजांनी ते माणसं अडकवून ठेवायला वापरलं. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, रेल्वेचा पत्ता नाही (कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये). नको असलेला माणूस इथे आणून ठेवला की काम झालं.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं, मद्रासमार्गे १८८६ मध्ये इथे आणलं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. टेकडीवरचा तो लाल राजवाडा त्याला मिळाला १९१० मध्ये. तोवर चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढली, आणि राजवाड्यात आल्यावर उणीपुरी सहा वर्षं जगला. १९१६ च्या डिसेंबरात इथेच गेला.

आता गंमत बघा. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, २३ जुलै १८५६ चा जन्म. १९०८ मध्ये सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पाठवलं कुठे, तर मंडालेला! म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत बंदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी, दोघेही एकाच सरकारचे, एकाच वेळी. टिळक १९१४ मध्ये सुटून आले, थिबा सुटला नाहीच. या दोन वास्तू एकाच शहरात आहेत, रिक्षाने थोडक्या वेळात एकीकडून दुसरीकडे जाता येतं. माझ्या मते भारतात अशी जोडी दुसरीकडे सापडणं कठीण. आणि लोक इथून फक्त आंबापोळी घेऊन जातात!

राजवाडा घाईत बघू नका. आत सरकारी संग्रहालय आहे, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. मूर्ती-शिल्पं जरूर पाहा, पण खरी पाहायची ती इमारत. अर्धगोलाकार खिडक्यांचं सागवानी काम, त्यांतली रंगीत काच, आणि मागच्या बाजूने खाली दिसणारी भाट्याची खाडी. दुपारी उन्हाची तिरीप त्या काचांमधून फरशीवर पडते तेव्हा दोन मिनिटं उभं राहा, सेल्फी नंतर काढा. तिथून शिवाजीनगरात थिबाच्या समाधीवर जा. तिथे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असाल. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम येऊन इथे नतमस्तक झाले, आपल्या पर्यटकाला मात्र ती ठाऊक नसते. थिबाची राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतू शकली. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र इथलीच झाली. रत्नागिरीत संसार केला, मराठी बोलली आणि २००० साली इथेच वारली.

या गोष्टीतले तिसरे बंदी म्हणजे सावरकर. १९२४ मध्ये सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही या अटीवर, आणि हे बंधन १९३७ पर्यंत टिकलं. त्या काळातलं ठळक काम म्हणजे १९३१ चं पतितपावन मंदिर, सर्व जातींना खुलं. त्यासाठी पैसा उभा केला भागोजीशेठ कीर यांनी. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो (कमेंटमध्ये भांडू नका, प्लीज), या देवळाच्या पायरीवर बसून १९३१ सालचं कोकण डोळ्यांपुढे आणा. देऊळ बांधायला त्या काळी किती छाती लागली असेल ते आपोआप कळतं. भागोजीशेठांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. किल्ल्याकडचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच.

आता जा किल्ल्यावर. रत्नदुर्ग, आमच्या तोंडी भगवती किल्ला. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तिन्ही बाजूंनी समुद्र. चार-साडेचारला चढा, भगवतीचं दर्शन घ्या आणि तटावरून फिरा. एकीकडे उघडा समुद्र, दुसरीकडे मिरकरवाडा बंदरात दाटीवाटीने लागलेल्या होड्या. सूर्यास्ताला सगळी गर्दी एकाच बुरुजावर का जमते, मला न सुटलेलं कोडं आहे. जरा पुढे चालायचे कष्ट घ्या, जागा भरपूर आहे.

मिरकरवाड्याला सकाळीच जायचं. नाकाला रुमाल लावून जाणार असाल तर नका जाऊ. होडीतून क्रेट उतरतात, बर्फाचा चुरा उडतो, लिलावाचे आकडे इतक्या वेगाने चालतात की नवख्याला कोण बोललं आणि कोणाला सुटलं कळतच नाही. बांगडा, सुरमई, म्हाकूल, सौंदाळे. मधे उभे राहू नका, शिव्या खाल. ती माणसं कामावर असतात, आपण फिरायला. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका.

किनारे तसे पटकन उरकण्यासारखे. मांडवीची वाळू काळी, 'पांढरा समुद्र' नावाच्या किनाऱ्याची पांढरी, भाट्याला सुरूचं बन. पोहायला यांतला कुठलाही मी सुचवणार नाही. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि व्हेलचा सांगाडा आहे, मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. मुलं नसतील तरी.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, उक्षी गावाला जा. तिथे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती आहे, नुसत्या बाह्यरेषेत, भलामोठा. त्याच्याभोवती गोल कठडा बांधलाय, त्यावरून बघायचं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर सावलीला झाड नाही, पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. कोरलेल्या रेषेवर पाय देऊ नका आणि रील काढायला कठड्याच्या आत तर मुळीच उतरू नका.

हे सगळं झालं की मग खुशाल आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जा. रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. आंब्याचं विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये या, कमेंटमध्ये भाव सांगणार नाही.